गोव्यातील घरात मृदू प्रवाळांसाठी परवडणारा दिवा कसा निवडावा

प्रवाळांच्या टाकीसाठी दिवा घ्यायला निघालेला माणूस बहुधा वॅटपासून सुरुवात करतो आणि तिथूनच पैसे वाया जाऊ लागतात. दिवा किती वॅटचा, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. त्याआधी आपण कोणती प्रवाळे ठेवणार, टाकीची लांबी-रुंदी-खोली किती आणि प्रवाळ जिथे बसणार त्या दगडावर किती प्रकाश पोचायला हवा, या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. हा हिशेब नीट मांडला, की कायद्याच्या चौकटीत राहून गोव्यातल्या साध्या घरात जी प्रवाळे वाढवता येतात त्यांच्यासाठी फार महागड्या दिव्याची गरजच नाही, हे आपोआप स्पष्ट होते.

कोणती प्रवाळे ठेवायची

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी फांद्याफांद्यांची रंगीत प्रवाळे, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारख्या जाती, कठीण, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणाऱ्या, प्रवाळांच्या गटात मोडतात आणि भारतात ती घरी बाळगता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळांना स्थान आहे; समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि अग्निप्रवाळ हेही त्याच अनुसूचीत येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण टिकून आहे. हॅमर आणि टॉर्च या नावांनी जी मांसल, लांब शुंडांची प्रवाळे विकली जातात तीही कठीण प्रवाळेच आहेत, मग विकणारा त्यांना काहीही म्हणो. मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसपास पाण्याखाली जाणाऱ्यांनी तर प्रवाळाचा तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलू नये. तिथली प्रवाळे गढूळ पाण्यात आणि नद्यांच्या पुराने दर पावसाळ्यात येणाऱ्या ताणात तग धरून आहेत. त्यांना आपल्या हौसेचा भार नको.

मग उरतात ती मृदू प्रवाळे आणि त्यांचे नातलग: डिस्कोसोमा व रोडॅक्टिस ही मश्रूम प्रवाळे, झोआ (छोट्या फुलांच्या गालिच्यासारखे वाढणारे झोअँथिड), सार्कोफायटॉन व सिन्युलॅरिया ही लेदर प्रवाळे आणि झेनिया. हे जीव समुद्रातून खरवडून आणलेले नसावेत, दुसऱ्याच्या टाकीत वाढवून कापलेले तुकडे, म्हणजे फ्रॅग, असावेत. त्यांची पावती जपून ठेवावी आणि एखाद्या जातीविषयी शंका असेल तर घेण्याआधी वन खात्याकडे विचारणा करावी.

प्रकाशाच्या दृष्टीने ही मर्यादा आपल्या पथ्यावर पडते. प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात आणि ती प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळाला अन्न पुरवतात. या शैवालांना उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला असतो. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर या पट्ट्यातले किती प्रकाशकण पडतात, हे मोजण्याच्या मापाला हौशी लोक ‘पार’ म्हणतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. अ‍ॅक्रोपोरासारख्या जातींना २५० ते ३५० पार द्यावा लागतो आणि बाजारातले बलाढ्य दिवे त्यांना समोर ठेवून बनवलेले असतात. मश्रूमना मात्र ३० ते ८० पार पुरतो, तर झोआ आणि लेदर ८० ते १५० पारमध्ये उत्तम वाढतात. जो प्रकाश आपल्याला वापरायचाच नाही, त्यासाठी पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही.

रंग: निळा किती, पांढरा किती

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे थोड्याच खोलीवर निळ्या प्रकाशाचे प्राबल्य होते आणि प्रवाळांतील शैवालेही निळा प्रकाश फार चांगला वापरतात. म्हणून दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू एलईडी हा मुख्य भाग असावा, त्याला ४७० च्या आसपासच्या निळ्याची जोड असावी आणि डोळ्यांना टाकी नैसर्गिक दिसावी म्हणून थोडे पांढरे एलईडी असावेत. ४०० ते ४२० चे जांभळे एलईडी असले तर चांगलेच, पण त्यांच्यासाठी वेगळी किंमत मोजू नये. तांबडे आणि हिरवे एलईडी शोभेपुरते असतात. तांबड्याचा जोर वाढला आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साचलेले असले, तर दगडांवर आणि काचेवर नको असलेले शैवाल लवकर पसरते.

गोव्यातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत पाणवनस्पतींसाठीचे ६५०० केल्विनचे पांढरे दिवे सहज मिळतात. त्यांच्यावर प्रवाळे जगणारच नाहीत असे नाही. पांढऱ्या एलईडीचा गाभा निळ्या चिपचाच असतो, त्यामुळे मश्रूम व लेदर त्याखाली जगतात आणि वाढतातही. मात्र झोआंच्या कडांवरची ती झळाळी निळ्या प्रकाशाने चेतवल्या जाणाऱ्या प्रथिनांमुळे दिसते आणि पांढऱ्या दिव्याखाली ती झाकोळून जाते. हातात आधीच असा दिवा असेल तर तो फेकू नये. त्याच्या शेजारी निळ्या एलईडीची एक पट्टी लावली तरी सुरुवात होते.

टाकीचे माप आणि प्रकाशाचा पसारा

दोन फूट लांब, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी टाकी उदाहरणादाखल घेऊ, कारण पहिली खाऱ्या पाण्याची टाकी बहुधा याच मापाची असते. एलईडीवरच्या भिंगाचा कोन दिव्याच्या माहितीत दिलेला असतो. ९० अंशांचे भिंग असेल तर प्रकाशाचे मुख्य वर्तुळ दिव्यापासूनच्या अंतराच्या दुप्पट व्यासाचे होते. म्हणजे पाण्यापासून ३० सेंटिमीटर वर टांगलेला दिवा पृष्ठभागावर सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो. १२० अंशांच्या भिंगाचे वर्तुळ अंतराच्या जवळजवळ साडेतीनपट पसरते, त्यामुळे तोच दिवा खूप खाली आणता येतो किंवा त्याचा बराच प्रकाश टाकीबाहेर खोलीत सांडतो. वर्तुळाच्या कडेला प्रकाश मध्याच्या निम्म्याहूनही कमी उरतो, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच जागी एकवटलेल्या दिव्यापेक्षा पसरट दिवा मृदू प्रवाळांना अधिक मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एका ठिपक्यातून येणारा प्रखर प्रकाश दगडाच्या माथ्यावरचे झोआ पोळतो आणि त्याच दगडाच्या कुशीतली मश्रूम अंधारात ठेवतो. पैसे मर्यादित असतील तर एका जोरकस दिव्याऐवजी कमी वॅटचे दोन छोटे दिवे अंतर राखून लावावेत. त्यात आणखी एक फायदा असा, की एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. वर सांगितलेल्या दोन फुटी टाकीला, मृदू प्रवाळांसाठी, प्रत्यक्षात ५० ते ६० वॅट वीज खेचणारे चांगले एलईडी पुरतात. ‘प्रत्यक्षात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे आणि त्याचे कारण पुढे येते.

बाजारातले पर्याय

ट्यूबच्या स्वरूपातले टी-५ दिवे प्रकाश फार सुंदर पसरवतात, पण त्यांच्या ट्यूबचा प्रकाश वापराने मंदावतो आणि त्याचा रंगही सरकतो. म्हणून त्या वर्षभराने बदलाव्या लागतात आणि सागरी टाकीसाठीच्या ट्यूब इथे मिळणे अवघड झाले आहे. मेटल हॅलाइड दिव्यांची उष्णता गोव्याच्या उन्हाळ्यात झेपणारी नाही. त्यामुळे निवड एलईडीतूनच करावी.

एलईडीमध्ये सर्वांत स्वस्त आणि तरीही कामाचा प्रकार म्हणजे काळ्या पत्र्याच्या पेटीतले चिनी दिवे, ज्यांना हौशी लोक ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात. त्यांत बहुधा तीन-तीन वॅटचे ५५ एलईडी असतात आणि म्हणून त्यांच्यावर १६५ वॅट छापलेले असते. एलईडी पूर्ण क्षमतेने चालवले जात नसल्यामुळे ते प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज घेतात. निळ्या आणि पांढऱ्या एलईडींना वेगवेगळे नॉब असणारा नमुनाच घ्यावा, कारण मृदू प्रवाळांसाठी पांढरा बराच खाली आणि निळा वर ठेवावा लागतो. एकाच बटणावर सगळे एलईडी लागणारा दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोन फुटी टाकीवर असा एक दिवा अर्ध्याहून कमी जोरावर चालवला तरी पुरतो, आणि कमी जोरावर चाललेला एलईडी थंड राहून अधिक वर्षे टिकतो.

मोबाइलवरून चालणारे, सूर्योदय-सूर्यास्त दाखवणारे, ढगांचा आणि विजांचा देखावा करणारे दिवे आकर्षक असतात. त्या सोयींचा प्रवाळाच्या वाढीशी काही संबंध नाही. वीस-पंचवीस मिनिटे आधी निळा आणि मग पांढरा लागेल असे दोन साधे टायमर प्लगवर लावले, की तेवढेच काम होते. त्यासाठी दिव्याला दोन वायरी असाव्यात, एवढे पाहावे.

ज्यांचा हात सोल्डरिंगवर बसलेला आहे त्यांना घरी दिवा जुळवणे सर्वांत स्वस्त पडते. तीन वॅटचे रॉयल ब्लू आणि पांढरे एलईडी, अ‍ॅल्युमिनियमचा पंखेदार हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग), त्यावर थर्मल पेस्ट आणि ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर एवढे सामान लागते. एका निळ्या एलईडीवर साधारण ३ ते ३.४ व्होल्ट पडतात, म्हणून १२ एलईडी एकामागे एक जोडले तर ३६ ते ४१ व्होल्ट देऊ शकणारा ड्रायव्हर हवा. करंट ७०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर नेऊ नये. ५०० वर चालवले तरी या प्रवाळांना भागते. २३० व्होल्टची बाजू मात्र बंद डबीत असावी आणि ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. भारतात विकल्या जाणाऱ्या एलईडी ड्रायव्हरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. ती खूण पाहूनच ड्रायव्हर घ्यावा, कारण बहुतेक दिव्यांत एलईडीच्या आधी ड्रायव्हरच दगा देतो.

घेण्यापूर्वी आणि आल्यावर काय तपासावे

दिवा दुकानात असेल तर तो किमान अर्धा तास पूर्ण जोरावर लावून ठेवायला सांगावे आणि मग पाठीवरच्या पत्र्याला हात लावून पाहावा. पत्रा कोमट ते गरम लागणे चांगले लक्षण आहे, कारण त्याचा अर्थ एलईडीची उष्णता बाहेर येत आहे. पत्रा थंड आणि एलईडीची पट्टी मात्र चटका देणारी असेल, तर आत हीटसिंक नीट टेकलेला नाही. पंख्याचा आवाज ऐकावा, पंखा स्क्रूने सहज काढता येतो का ते पाहावे आणि तो १२ व्होल्टचा, संगणकात वापरतात तसल्या नेहमीच्या मापाचा आहे याची खात्री करावी. खारट हवेत सर्वांत आधी पंखाच अडकतो, आणि तो बाजारात मिळणाऱ्या मापाचा असेल तर अख्खा दिवा टाकून द्यावा लागत नाही.

ऑनलाइन मागवलेला दिवा घरी आल्यावर प्लगमध्ये लावायच्या वॅटमापकावर चढवावा. हे छोटे यंत्र महाग नसते आणि दिवा खरोखर किती वीज घेतो ते लगेच दाखवते. डब्यावरच्या आकड्यापेक्षा हाच आकडा खरा धरावा. विजेचा हिशेबही त्यावरूनच करता येतो: ६० वॅटचा दिवा रोज आठ तास चालला तर दिवसाला ०.४८ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट लागतात. १५० वॅटचा मेटल हॅलाइड तेवढाच वेळ लावला तर महिन्याला ३६ युनिट होतात, आणि पाणी थंड करण्याचा खर्च वेगळा.

पार मोजण्याचे खरे यंत्र दिव्याहून महाग असते, त्यामुळे एकट्याने ते विकत घेणे परवडत नाही. चार-पाच हौशी मित्रांनी मिळून एक घेतले तर ते सर्वांच्या कामी येते. तेही शक्य नसेल तर साध्या लक्समीटरने बरेच काही कळते, फक्त त्याची मर्यादा समजून घ्यावी. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला अनुसरून बनवलेले आहे, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला आपला डोळा हिरव्याच्या तुलनेत जेमतेम चार टक्के प्रतिसाद देतो. परिणामी निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा फसवा कमी येतो, आणि तो पाहून दिवा वाढवणाऱ्याची प्रवाळे पांढरी पडतात. म्हणून निळा बंद करून फक्त पांढरा मोजावा. थंड पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागले की पारचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे ७००० लक्स हे सुमारे १०० पार झाले.

टाकीत पाणी भरण्यापूर्वी हीच मोजणी तळावर आणि दगडांवर आठ-दहा ठिकाणी करून एका कागदावर टाकीचा नकाशा काढावा. निरपेक्ष आकडा थोडा चुकला तरी उजळ जागा कोणती आणि सावलीची कोणती, हे निश्चित कळते. तो कागद टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. नवा फ्रॅग आणला की त्याची जागा त्यावरून ठरते.

जुन्या घरांत छपराला काचेचे कौल असते आणि त्यातून येणारा उन्हाचा कवडसा टाकीवर पाडून दिव्याचा खर्च वाचवावा, असा विचार काहींच्या मनात येतो. हे करू नये. तो कवडसा दिवसभर सरकत राहतो, ऋतूनुसार जागा बदलतो, पावसाळ्यात नाहीसा होतो आणि मे महिन्यात टाकीचे पाणी तापवतो.

उन्हाळा, पावसाळा आणि वीज

मृदू प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. पाणी बराच काळ २९ च्या वर राहिले तर तोच प्रकाश, जो जानेवारीत योग्य होता, घातक ठरतो, कारण उष्णता आणि प्रकाश यांच्या एकत्रित ताणाने प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये दिव्याचा जोर थोडा उतरवावा आणि त्याची वेळ बदलावी. दुपारी १२ ते ८ ऐवजी संध्याकाळी ४ ते रात्री १२ असा दिवा चालवला तर दिवसाची उष्णता आणि दिव्याची उष्णता एकत्र येत नाहीत. आठ तास सलग मिळाले की प्रवाळाला घड्याळाशी देणेघेणे नसते. त्या टाकीवर खिडकीतून उजेड येत असेल तर तेवढा पडदा ओढावा. पृष्ठभागावर पंखा लावून पाणी थंड करण्याचा उपाय कोरड्या प्रदेशात जितका लागू पडतो तितका आपल्या दमट हवेत पडत नाही, हे गृहीत धरूनच दिवा घ्यावा. शक्य असेल तर ड्रायव्हर दिव्याच्या पेटीबाहेर असलेला नमुना निवडावा.

पावसाळ्यात वारंवार वीज जाते तेव्हा दिव्याची काळजी करू नये. एक-दोन दिवस प्रकाश मिळाला नाही तरी प्रवाळांचे काही बिघडत नाही. पाणी फिरते ठेवणारा पंप मात्र तासाभरातच महत्त्वाचा ठरतो. इन्व्हर्टरवर पंप घ्यावा, दिवा घेऊ नये. मान्सूनच्या तोंडावर आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की दिव्याचा प्लग काढून ठेवावा. टाकीच्या बोर्डाला अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. दिव्यासाठी वाचवलेल्या पैशांतून सर्वांत आधी हा खर्च करावा. प्लगपाशी येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी प्लगमध्ये न जाता झोलाच्या तळाशी ठिबकते.

दिवा लावल्यावरचे पहिले आठवडे

नवा दिवा निळा ३० ते ४० टक्के आणि पांढरा १० टक्क्यांच्या आसपास ठेवून, रोज सहा तासांपासून सुरू करावा आणि दर आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक वाढवू नये. प्रवाळे आधी तळाशी ठेवून मग वर सरकवावीत. टक्केवारीपेक्षा प्रवाळांकडे पाहून निर्णय घ्यावा. प्रकाश कमी पडत असेल तर झोआंचे देठ लांबतात आणि त्यांची तोंडे दिव्याकडे ताणलेली दिसतात. मश्रूम पसरट होऊन कडा खाली लोंबू लागतात आणि एकूण रंग तपकिरी होत जातो. प्रकाश जास्त झाला तर मश्रूम आक्रसून कडा आत वळवते, झोआ दिवसाही मिटलेले राहतात आणि रंग आठवड्याभरात फिका पडतो. अशा वेळी दिवा लगेच दहा-पंधरा टक्के उतरवावा किंवा पाच-सात सेंटिमीटर वर उचलावा आणि मग दोन आठवडे काहीही बदलू नये. लेदर प्रवाळाची गोष्ट निराळी आहे. ते मधूनच मिटून घेते, त्याच्या अंगावर मेणचट चमक येते आणि काही दिवसांनी ती पातळ साय प्रवाहाबरोबर निघून जाऊन ते पुन्हा फुलते. ही त्याची नेहमीची कात आहे, दिव्याला हात लावण्याचे कारण नाही. टाकीतला प्रवाह त्याच्या अंगावरून जाईल एवढे पाहावे.

निळ्या एलईडीकडे थेट पाहू नये. ते डोळ्याला मंद भासतात, पण त्यांची ऊर्जा मंद नसते, आणि टाकीजवळ मुले उभी राहत असतील तर दिव्याच्या कडेला उभी पट्टी लावावी.

दर पंधरा दिवसांनी दिवा बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर भिंगांवरचे मीठ आरओच्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसावे. हे पांढरे पापुद्रे दिसायला पातळ असले तरी प्रकाश चांगलाच अडवतात. पुसल्यावर तळावरचा प्रकाश अचानक वाढतो, म्हणून बराच काळ साफसफाई झालेली नसेल तर त्या दिवशी जोर थोडा कमी करूनच दिवा लावावा. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढावी, स्क्रूंच्या माथ्यावर हिरवट किंवा तांबूस गंज दिसला तर ते स्टेनलेसचे घालावेत, आणि वर्षातून एकदा कपाटाच्या दारावरचा तो नकाशा समोर धरून पाण्याबाहेर, दिव्याखाली ठरलेल्या एकाच अंतरावर पांढऱ्याचे लक्स पुन्हा मोजावेत. पहिल्या वर्षीचा त्याच अंतरावरचा आकडा म्हणूनच नकाशाच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवलेला असावा.